पहिला नंबर आणि पहिली वाट



वसंत व्याख्यानमालेत यंत्रावरच्या नाचाच्या संगीताचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. पण लग्नसराईत ज्याच्या दणक्याने आपली तावदाने हादरतात, त्याची कुळकथा ठाऊक करून घ्यायला हरकत नाही.

संगीताला नंबर देण्याची आवड आपल्याला जुनीच आहे. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सयानी गाण्यांच्या पायऱ्या सांगत आणि वर्षअखेरीस वर्षाचे पहिले गाणे कोणते, यावर घरोघरी वाद होत. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती, हा तिथला हिशेब. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'ने २००१ मध्ये इलेक्ट्रॉनिक अल्बमांची अशीच साप्ताहिक यादी सुरू केली. वर्षभरात कोण कितीदा शिखरावर बसला, हे तीवरून कळते.

आता एक तबकडी पाहू. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातील वादकाने तीन जपानी यंत्रे एकत्र केली. एक ठेका धरी. दुसरे, टीबी-३०३, खर्जातील स्वर स्मरणात ठेवून तेच आवर्तन अखंड वाजवी. तिसऱ्यावर ते स्वतः राग वाजवीत. यमन, ललित, कलावती, मालकंस असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. टीबी-३०३ ला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. आपण त्याला मींड म्हणतो. रागसंगीतात मुरलेल्या कानाला त्या यंत्राचा हा गुण सापडला, यात नवल नाही.

तबकडी खपली नाही. कोणत्याही यादीत ती चढली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या चमूने त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढली आणि 'ॲसिड हाउस' नावाचा पंथ जगभर पसरला. शिकागोकरांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे नव्हे. दोन वाटा आपापल्या एकाच ठिकाणी आल्या. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती जुनी तबकडी दिल्लीत मिळाली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि वृद्ध चरणजित सिंग परदेशांतील मंचांवर ते राग वाजवू लागले. २०१५ मध्ये ते वारले.

मग याद्या खोट्या म्हणायच्या काय? नाही. आपण कापूस पिकविणारी माणसे. भाव बाजार ठरवितो, हे आपण जाणतो. पण धाग्याची लांबी बाजार ठरवीत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. यादी भाव सांगते. धागा मात्र ज्याने त्याने बोटांनी ओढून पाहावा लागतो. चरणजित सिंगांचा धागा तपासायला अठ्ठावीस वर्षे लागली, आणि तोही परक्याने तपासला. आपल्या गावात, आपल्या घरात असा कोणी न खपलेला गुणी वादक असेल, तर त्याला ऐकायला आपण नंबराची वाट पाहू नये, एवढीच आमची विनंती.