भाताचा करपा आणि तुसाची राख
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने यंदा माझे नाव व्याख्यानाला घातले तेव्हा बऱ्याच जणांना वाटले की हे रुळांवर बोलणार. रूळ आणि खडी यांवर मी वर्षभर बोलतोच, आज बोलायचे आहे भाताच्या एका रोगावर. मी शेतकी पदवीधर नाही. स्थापत्याचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस आहे. पण गाव रायगड जिल्ह्यातले, घरी भातशेती, आणि नोकरी अशी की तपासणीच्या ट्रॉलीवर बसले की दोन्ही बाजूंना कावेरीकाठची शेतेच शेते. शिवाय आपल्यापैकी काही घरांच्या जमिनी आजही ओरत्तनाडू, तिरुवैयारू भागात वाट्याने किंवा कुत्तगैने दिलेल्या आहेत. सांब्याचा हिशेब बिघडला आणि कारण विचारले की उत्तर येते, "कुलै नोय". आपण त्याला करपा म्हणतो.

हा रोग ओळखायला सोपा आहे. पानावर चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते डाग पडतात, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. पानांवर थांबला तर निभावते. पण तोच रोग पुढे लोंबीच्या मानेवर येतो, मान काळी पडून मोडते आणि दाणा भरतच नाही. तोवर खते, मजुरी, पाणी सगळे खर्च होऊन गेलेले असते.

आपल्या तंजावरचे नाव या रोगाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९१९ साली या त्रिभुज प्रदेशात करप्याची मोठी साथ आली आणि भारतात या रोगाकडे खरे लक्ष गेले ते तेव्हापासून. कोइंबतूरचे 'को ३९' हे वाण तर करप्याला इतके सहज बळी पडते की जगभरच्या संशोधकांनी ते रोगाच्या चाचणीसाठीच वापरले. हा मान काही मिरवण्यासारखा नाही, पण आहे खरा.

रोग करणारी बुरशी आहे मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचे काम पाहून कोणीही अभियंता थक्क होईल. दवाने ओल्या पानावर तिचा बीजाणू पडतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला घुमटासारखी एक सूक्ष्म पेशी तयार होते. त्या पेशीला आतून मेलॅनिन या काळ्या द्रव्याचा थर असतो, त्यामुळे आतला दाब बाहेर निसटत नाही. तो दाब चढत चढत चौरस सेंटिमीटरला ८० किलोच्या आसपास जातो. आपल्या गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब असतो. त्याच्या सोळा पट! मग त्या दाबाने एक बारीक खुंटी पानाच्या सालीतून आत घुसते. हे सगळे व्हायला पान बराच वेळ, निदान रात्रभर, ओले राहावे लागते. ईशान्य मोसमी पावसानंतरच्या ढगाळ दिवसांत आणि मार्गळीच्या दवात इथे ती सोय आपोआप होते.

आता औषधाचे पाहू. ट्रायसायक्लाझोल हे करप्यावरचे नेहमीचे औषध बुरशीला मेलॅनिन बनवू देत नाही. थर नाही म्हणून दाब टिकत नाही, आणि दाब नाही म्हणून खुंटी घुसत नाही. म्हणजे हे औषध घुसण्याआधी कामाचे. आत शिरलेल्या बुरशीने पाडलेला डाग त्याने बरा होत नाही. माझ्या हाताखालचा एक ट्रॅकमन दोन एकर कुत्तगैने करतो. एका हंगामात तो मला म्हणाला, "सार, तीनदा औषध मारले, तरी गेले." तिन्ही फवारण्या त्याने डाग पसरल्यावर केल्या होत्या, दुकानदाराच्या सांगण्यावरून आणि उधारीवर. जमिनीचा खंड त्याला द्यावाच लागला. त्यातच २०१७ च्या अखेरीपासून युरोपीय संघाने तांदळातील या औषधाच्या अंशाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, तेव्हा निर्यातदारांची धावपळ झाली होती. औषध वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

मग भार टाकायचा कशावर? लोक म्हणतात, पीक सशक्त करा. इथेच गोंधळ होतो. आपल्या एका वयस्कर बाईंनी मला विचारले होते, "अरे, शेत तर हिरवंगार दिसत होतं, मग रोग कसा आला?" आजी, हिरवेगार होते म्हणूनच आला! युरिया जास्त पडला की पाने लुसलुशीत होतात, त्यांतील सिलिकाचे प्रमाण उतरते, झाड दाट वाढते आणि आत दव उशिरापर्यंत सुकत नाही. बुरशीला याहून काय हवे? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि पालाशची गोणी त्याच्या कित्येक पट महाग. गरीब माणूस काय टाकणार ते उघड आहे.

उलट दुसरा एक रोग आहे, तपकिरी ठिपक्यांचा. तो पालाश आणि सिलिका कमी असलेल्या, उपाशी जमिनीतल्या भातावर येतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पीक बुडण्यामागे हाच रोग होता असे कटकच्या भात संशोधन संस्थेचे एस. वाय. पद्मनाभन यांनी मांडले. दुष्काळाचे मूळ कारण पिकातली तूट नव्हती असे अमर्त्य सेन यांचे म्हणणे, तो वाद वेगळा. आपल्या कामाचे एवढेच की एक बुरशी उपाशी झाडाला धरते आणि दुसरी फाजील खाल्लेल्याला.

भाताला सिलिका, म्हणजे वाळूतले द्रव्य, फार लागते. २००६ साली जपानी शास्त्रज्ञांनी भाताच्या मुळांतून सिलिकॉन आत घेणारे जनुक शोधून काढले. पानाच्या सालीखाली सिलिकाचा थर बसतो, पान ताठ उभे राहते, आणि खुंटीला घुसणे जड जाते. हेक्टरी ५ टन भात देणारे पीक जमिनीतून २३० ते ४७० किलो सिलिकॉन उचलते. यातले बरेचसे पेंढ्यात आणि तुसात जाते, आणि तूस जाते गिरणीच्या भट्टीत. जपानने १९५५ पासून पोलाद कारखान्यांची मळी खत म्हणून भाताला देणे सुरू केले. आपल्याकडे मळी आणायला नको, राखेचे ढीग गिरणीमागेच पडलेले आहेत.

आणि ही युक्ती मराठी माणसाची आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांनी कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी चारसूत्री भात लागवड बसवली. सिलिका आणि भात यांवर त्यांचे १९९७ चे लेखनही जगभर वाचले जाते. पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर: तुसाची काळी राख गादीवाफ्यात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात. तिसरे, नियंत्रित अंतराने, चुडात दोन-तीनच रोपे. चौथे, युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणे, म्हणजे नत्र एकदम न मिळता हळूहळू मिळते. आमच्या गावी वडिलांनी पहिले सूत्र धरले, गोळ्या मात्र कमरेचे दुखणे म्हणून सोडल्या.

इथे काय करता येईल? एकराला साधारण ८ सेंट रोपवाटिका लागते, म्हणजे सुमारे ३२० चौरस मीटर. राख लागेल १६० ते ३२० किलो, बैलगाडीभर. काळी राख बघून घ्यावी. फार तापून पांढरी झालेल्या राखेतला सिलिका सहज विरघळत नाही. गिरिपुष्प नसेल तर धैंचा आहेच. गोळ्या नसतील तर युरिया चार हप्त्यांत, तोही पर्णरंगतक्ता पानाला लावून: पांढऱ्या पोन्नीला रंग ३ च्या खाली, इतर वाणांना ४ च्या खाली गेला तरच. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम स्यूडोमोनास चोळावे. शेत मध्येच कोरडे पडू देऊ नये, कारण कोरड्या जमिनीत करपा जोर धरतो. कालव्याच्या शेपटाकडच्यांना हे कसे जमावे, याला माझ्याकडे उत्तर नाही.

खतपाण्याने सगळेच भागते असेही नाही. ज्यांचे नातेवाईक जळगाव, नाशिककडे मका करतात, किंवा कोळ्ळिडमपलीकडच्या पेरंबलूरचा मका ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्यासाठी एक उदाहरण. १९७० साली अमेरिकेत मक्यावर पानांचा करपा आला आणि देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के भाग गेला. तिथली शेती काही उपाशी नव्हती. पण बहुतेक संकरित बियाणे एकाच मातृवंशाचे होते, आणि बुरशीची नवी जात नेमकी त्यालाच लागू पडली. इथेही गावभर एकच 'बीपीटी ५२०४' लावले, तर राखेने धोका कमी होईल, टळणार नाही. खायला गोड म्हणून आपणच वाटेकऱ्याकडे त्याचा आग्रह धरतो, हेही खरे. निदान अर्ध्या शेतात दुसरे वाण घालू द्यावे, आणि पालाशच्या खर्चात मालकाने वाटा उचलावा. बाजूच्या शेतात डाग दिसू लागले आणि रात्री दव असले, की मग फवारणी. तीनदा नव्हे, वेळेवर.

सांब्याच्या रोपवाटिका पडल्या आहेत, ताळडीला अजून दिवस आहेत. राख आणायला जाणाऱ्यांनी ती पाणी शिंपडून पोत्यात भरावी. कोरडी राख नाकातोंडात जाते, आणि गिरणीवाले भरताना सांगत नाहीत.