तेलंगरावांच्या आर्वीत आपलं स्वागत

व्यासपीठावरील मान्यवर, सेवाग्राम, सावंगी, नागपूरहून आलेले डॉक्टर आणि तालुक्यातल्या आशाताई,

मेंदूज्वराच्या निदानावरची परिषद आर्वीत भरते आहे, याचा गावाला फार आनंद आहे.

हे गाव तेलंगराव वलींनी वसवलं, असं पूर्वापार सांगतात. हिंदू म्हणतात ते ब्राह्मण, मुसलमान म्हणतात ते आमचे वली. समाधी म्हणा, दर्गा म्हणा, दोघंही तिथेच माथा टेकतात. गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रजांनीही हे नोंदवून ठेवलं. नदीपलीकडचं कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर, ते आम्ही आमचंच मानतो. 1917 साली पुलगावहून अडीच फुटी रुळांची गाडी इथे आली. 35 किलोमीटरचा तो रस्ता कापसाच्या गाठींनी गजबजलेला असे. गाडी बंद पडली. ब्रॉडगेजची मागणी आम्ही सोडलेली नाही, आणि आज या माइकवरूनही ती करून घेतो!

तेलंगराव कोणाचे, याचा निवाडा गावाने कधी मागितला नाही, याचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे. तुम्हा डॉक्टरांना मात्र आजार कोणता, याचा निवाडा करावाच लागतो. ताप, उलट्या, झटके, मग शुद्ध हरपते. घरच्यांना सगळं सारखंच दिसतं. जिवाणूंचा आजार असेल तर अँटिबायोटिकला तासाचाही उशीर परवडत नाही, क्षयाचा असेल तर महिनोन्महिने गोळ्या, स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन. आणि 1965 साली आपल्याच नागपूरच्या चंडीपुऱ्यात सापडलेल्या विषाणूवर तर नेमकं औषधच नाही. वाळूमाशी चावते आणि लेकरू एक-दोन दिवसांत हातचं जातं. मान ताठ नाही म्हणून मेंदूच्या आवरणाचा दाह नाही असं समजू नका, हे सेवाग्रामच्या डॉक्टरांनी अभ्यासातून दाखवलं आहे. पाठीतलं पाणी तपासावंच लागतं. ते काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती आमच्या खेड्यांत अजून घर करून आहे. ती कशी घालवायची, एवढं आमच्या आशाताईंना नक्की सांगून जा.

आता व्यवस्थेबद्दल. गावात मोठं हॉटेल नाही, म्हणून काही पाहुण्यांची सोय घरोघरी केली आहे. कूलर लावलेत, तरी मांडवात उकडतं आहे. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागतील. जे उणं राहील त्याबद्दल आर्वीकरांच्या वतीने हात जोडून क्षमा मागतो. भाडं न घेणारे मंगल कार्यालयाचे मालक, जिनिंगवाले, मार्केट यार्डातले अडते, औषध दुकानदार, खुर्च्या देणारी शाळा, पहाटेपासून गोळाभात आणि पाटवड्यांचा रस्सा रांधणाऱ्या बचत गटाच्या बाया, पाण्याचा टँकर पाठवणारे शेतकरी, या सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. संत्र्यांच्या पेट्या देणाऱ्या बागायतदारांनी नाव घेऊ नका म्हटलं आहे, म्हणून घेत नाही.

जेवण एक वाजता, मागच्या मांडवात. काही कमी पडलं तर पिवळा बिल्ला लावलेल्या पोरांना हक्काने हाक मारा.