गुलशनाबादची बाग

मोगलांच्या काळात आपल्या नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद. गुलशन म्हणजे बाग. आम्हा कवींना बागेत आधी गुलाब दिसतो. लँडस्केप आर्किटेक्टला पाण्याचा उतार आणि मुळांना लागणारी जागा. हे काम म्हणजे हिरवळ अंथरणं नव्हे. २००३च्या सिंहस्थासाठी गोदापात्रातल्या कुंडांवर काँक्रीट घातलं गेलं. पात्र नीटनेटकं दिसू लागलं, पण झरे झाकले गेले. ते काँक्रीट काढावं म्हणून लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. आराखडा कागदावर असतानाच झऱ्यांची बाजू मांडणारा माणूस हवा, तो हा.

आणि मोबदला? २०२५मध्ये साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. झाडासाठी अनोळखी माणसांनी भांडावं, याहून मोठी दाद आम्हाला मुशायऱ्यातही मिळत नाही.