घाशीराम मारला जातो, नाना उरतो

(वडनेर भोलजी, जि. बुलडाणा येथील व्याख्यानाचा मजकूर)



विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर १९७२ मध्ये ते पुण्यात रंगमंचावर आले, त्यावरून वादळ उठले आणि पुढे परदेशातही त्याचे प्रयोग झाले. परंतु याच नाटकावरून १९७६ साली एक मराठी चित्रपट निघाला होता, याची आठवण फार थोड्यांना आहे.

तो आणीबाणीचा काळ होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था स्थापन केली. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप या चौघांच्या नावावर दिग्दर्शन आहे; पटकथा तेंडुलकरांचीच. धनिकाची थैली आणि नामवंत नटाचा आधार यांवाचूनही चित्रपट उभा राहू शकतो, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते.

कथा थोडक्यात अशी. कनोजचा ब्राह्मण घाशीराम पुण्यात येतो. चोरीचा आळ घेऊन त्याला अपमानित केले जाते. सूड घेण्यासाठी तो आपली मुलगी नाना फडणविसाच्या हवाली करतो आणि मोबदल्यात कोतवाली मिळवितो. मग शहरावर जुलूम सुरू होतो. अखेर संतप्त जमावाच्या हाती नाना कोतवालाला देऊन टाकतो आणि स्वतः निष्कलंक राहतो.

चित्रपटाचे खरे बळ दोन भूमिकांत आहे. डॉ. मोहन आगाशे हे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. त्यांचा नाना रंगमंचावर गाजलेलाच होता. हा नाना दुष्टपणाचा आव आणत नाही. तो विलासी आहे, लाघवी आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. त्याच्यासमोर ओम पुरी यांचा घाशीराम उभा राहतो. पुरींचा हा पहिला चित्रपट. अंबाल्याकडचा हा पंजाबी तरुण पुण्यात परकाच होता, घाशीरामही परकाच. त्या खरबरीत चेहऱ्यावर आधी लाचारी दिसते आणि पुढे अधिकाराची धुंदी. दोन्हींच्या मुळाशी एकच जखम आहे, हे प्रेक्षकाला उमगते. त्यामुळे घाशीरामाचा तिटकारा येतो आणि कणवही येते.

असा चित्रपट आपण जवळजवळ गमावला होता. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेच्या संग्रहात. तेथेच तिच्यावरून डिजिटल प्रत तयार झाली आणि २०१४ च्या सुमारास जगाने तो पुन्हा पाहिला. मराठी माणसाची ठेव परक्यांनी जपावी, हे त्यांना भूषणावह आहे. आपल्याला मात्र विचार करावयास लावणारे आहे.

वडनेर भोलजीसारख्या गावात हा चित्रपट दाखवावयास हवा. कीर्तन, भारूड, गोंधळ ऐकत वाढलेल्या माणसाला याची गाती-नाचती भाषा परकी वाटणार नाही. आणि त्यातला प्रश्न तर रोजच्या जगण्यातला आहे. दारात येऊन दटावणारा हाताखालचा माणूस सर्वांना दिसतो. लोकांचा संताप त्याच्यावरच कोसळतो. त्याला नेमणारा मात्र पुढच्या कोतवालाच्या शोधात असतो. घाशीराम मेला म्हणून जमाव आनंदाने नाचू लागतो, तेव्हा नाना कोठे उभा आहे, हे पाहण्याची सवय लोकांना लागली पाहिजे. ती सवय हा चित्रपट लावतो.