स्वमग्न मूल आणि आईवरचा आळ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला भेटणाऱ्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या माता बहुधा एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, माझं काय चुकलं?" घरात कोणीतरी त्यांना आधीच दोषी ठरवलेले असते.

हा आळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हे मत तेथे विद्वानांनीच रूढ केले. त्याला उत्तर मिळाले जुळ्या मुलांकडून. सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमधील २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत तसे नव्हते. आई तर दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना एकच असते! शिवाय उरलेल्या बहुतेक एकबीज जोड्यांत दुसऱ्या मुलालाही भाषेची वा आकलनाची काही अडचण होती. म्हणजे स्वमग्नतेच्या छटा सौम्य रूपातही आढळतात.

पाच देशांतील सुमारे २० लाख मुलांच्या २०१९ मधील अभ्यासाने अनुवंशाचा वाटा सुमारे ८० टक्के मानला. याचा अर्थ 'सुनेच्या माहेरचा दोष' असा कृपया काढू नये. शेकडो जनुके यात गुंतलेली असतात आणि ती दोन्ही घराण्यांकडून येतात. कधी तर बदल मुलातच नव्याने घडतो, आईवडिलांत तो नसतोच. आणि असे नवे बदल पित्याच्या वाढत्या वयाबरोबर वाढतात.

परिस्थितीचा प्रभाव म्हणाल, तर तो मुख्यतः जन्मापूर्वीचा. फिट्सवरील व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी घेतल्यास धोका वाढतो. मात्र ते परस्पर बंद न करता आधीच डॉक्टरांशी बोलावे. लसीला दोष देणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला.

अनुवंश हा शब्द उच्चारताना मला भीती वाटते ती सोयरिकीची. एका घरी थोरलीचे लग्न ठरेपर्यंत धाकट्याला पाहुण्यांपुढे आणले नाही, दवाखान्यातही नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता. नावाने हाक मारल्यावर तो पाहत नाही, हे आईने दीड वर्षाचा असतानाच ओळखले होते.