काळजाची जागल



मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. एकाएकी छातीत फडफड झाली. पिंजऱ्यात पाखरू कोंडावे तशी. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तिथेच खाली बसलो. पाच मिनिटांनी सारे ठीक. घरी मी कोणाला बोललो नाही. मास्तर माणूस! दुसऱ्याला शिकवतो, स्वतः शिकत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच झाले. तेव्हा मात्र बायकोने ऐकले नाही. मला गोंदियाला नेले.

डॉक्टरांनी पलंगावर झोपवले. हातापायांना चिमटे लावले, छातीवर रबरी वाट्या लावल्या. कागदावर रेघा उमटल्या. याला ई.सी.जी. म्हणतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यात अगदी थोडी वीज वाहते. यंत्र तिची रेघ काढते.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, या कागदात काही दोष नाही."

मला राग आला. म्हणजे मी काय खोटे बोलतो?

डॉक्टर हसले. "तसे नव्हे. हा कागद दहा सेकंदांचा आहे. तुमच्या हृदयाचे दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात. दुपारी शेतात गेलात आणि रानडुक्कर दिसले नाही, तर ते येतच नाही असे म्हणाल का? त्यासाठी रात्री जागल करावी लागते."

मग नागपूरला छातीवर चिकटपट्ट्या लावल्या. त्यांच्या तारा कमरेच्या लहान डबीत गेल्या. ही डबी म्हणजे हॉल्टर. अमेरिकेच्या नॉर्मन हॉल्टर यांनी ही युक्ती काढली. त्यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते. जवळजवळ धानाच्या कट्ट्याएवढे ओझे पाठीवर घ्यायचे! १९६१ साली त्यांनी या कामाचा लेख छापला. माझी डबी मात्र मुठीत मावत होती.

डबी २४ तास ठेवायची होती. आंघोळ करायची नाही. बाकी रोजची कामे करायची. नुसते पडून राहिले तर रोग कसा सापडणार? सोबत एक कागद दिला होता. काही वाटले की घड्याळ पाहून वेळ लिहायची.

रात्री फडफड सुरू झाली. माझे हात कापत होते. बायकोने कंदिलासारखा मोबाइल धरला आणि कागदावर लिहिले : "रात्री २ वाजून १० मिनिटे. उठून बसले. छाती धडड." ती आपल्या अशाच वर्गात शिकली. एक ध राहिला, पण वेळ बरोबर होती. डॉक्टरांनी यंत्रात नेमकी तीच जागा काढली.

माझ्या हृदयाचे वरचे कप्पे अधूनमधून ताल सोडतात आणि नुसते थरथरतात. तेव्हा तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा. फडफड थांबली म्हणून मी गप्प बसलो होतो. धोका केवढा होता पाहा! वय आणि इतर आजार पाहून डॉक्टरांनी मला गुठळी होऊ न देणारी गोळी दिली. ती आपल्या मनाने घ्यायची नसते, आणि सोडायचीही नसते.

आता घरीच रेघ काढणारी साधने आली आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही हातात मावणारे ई.सी.जी. यंत्र तयार केले. त्याच्या रेघा मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरला पाठवता येतात. मनगटी घड्याळेही आहेत. त्यांवर बोट टेकून अर्धा मिनिट बसायचे. चुकलेला ताल त्यांना पुष्कळदा सापडतो. पण घड्याळ हृदयाकडे एकाच बाजूने पाहते. दवाखान्याचे यंत्र बारा बाजूंनी पाहते. हृदयविकाराचा झटका घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत कळ आली, दडपण आले, घाम फुटला, तर घड्याळाशी खेळत बसू नये. १०८ ला फोन करावा.

माझ्या मुलाने असे घड्याळ पाठवले. म्हणाला, "बाबा, आता दवाखान्यात जायला नको." मळणीच्या दिवशी ते वाजले. मी थेट गोंदिया गाठले. डॉक्टरांनी घड्याळातली रेघ नीट पाहिली. मग घड्याळ बाजूला ठेवले, आणि मला पुन्हा पलंगावर झोपवले.