परदेशच्या पीएच.डी.चा अर्ज आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी कोणा शिकल्यासवरल्या बाईंचे भाषण होते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी सातवी शिकलेली. विज्ञानावर बोलणे माझे काम नव्हे. पण माझी पुतणी सोलापूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली आणि तिने अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज केले. तिचे कागद भरताना घरात जे कळले, ते आणखी चार घरांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगते.

पहिली गोष्ट पैशाची. पोरीने अमेरिकेचे नाव काढताच जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि भावोजी घर गहाण ठेवण्याची भाषा बोलू लागले. तीस-चाळीस लाखांच्या कर्जाच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या आहेत. पण भगिनींनो, ती कर्जे बहुधा एम.एस.च्या दोन वर्षांच्या शिक्षणाची असतात. पीएच.डी.ची रीत निराळी. अमेरिकेत पदार्थविज्ञानाच्या पीएच.डी.ला घेतलेल्या मुलांची फी बहुतेक विद्यापीठे माफ करतात आणि वर दरमहा खर्चाला पैसे देतात. ते दान नव्हे. पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रयोग घ्यायचे, वह्या तपासायच्या, प्राध्यापकांच्या संशोधनात काम करायचे, त्याचा तो मोबदला. जर्मनीत तर पुष्कळदा करार करून पगारच देतात. मात्र तिथे एम.एस्सी. आधी झालेली लागते.

मग खर्च कुठे येतो? एकेका अर्जाची फी सहा-सात हजारांपासून दहा हजारांपर्यंत जाते, आणि अर्ज पाच-सात ठिकाणी करावा लागतो. शिवाय इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि विमानाचे तिकीट. काही विद्यापीठे विनंती केल्यास अर्जाची फी सोडतात. तेव्हा विचारायला लाजू नये. अर्ज विद्यापीठाकडे स्वतःच भरायचा असतो. ‘प्रवेश मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या पत्रांची. बहुधा तीन पत्रे लागतात. ‘विद्यार्थिनी सुशील व मेहनती आहे’ असे लिहून शिक्का मारला, एवढ्याने तिकडे भागत नाही. मुलीने कोणते काम केले, अडली तेव्हा कशी वाट काढली, हे जवळून पाहिलेल्या शिक्षकांनी लिहावे लागते, आणि ते पत्र शिक्षकच परस्पर पाठवतात. म्हणून पोर सुट्टीत प्रयोगशाळेत थांबते म्हणाली, तर ‘घरी पाहुणे आलेत, लवकर ये’ असा निरोप आपण धाडू नये.

तिसरी गोष्ट वेळेची. पुष्कळ ठिकाणी मुदत डिसेंबरात संपते. आपल्या सिद्धेश्वराचा गड्डा भरतो, तोवर बहुतेक दारे बंद झालेली असतात. तयारी आषाढीपासून धरावी. उत्तरे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात, आणि होकार कळवायला बहुधा 15 एप्रिलपर्यंत मुदत मिळते.

सगळे सोपे आहे असे मी म्हणत नाही. 2025 साली तिथल्या सरकारने संशोधनाच्या पैशाला कात्री लावली आणि काही विद्यापीठांनी विद्यार्थी कमी घेतले. आमच्या पोरीलाही दोन ठिकाणांहून नकार आले आहेत. बाकीची उत्तरे यायची आहेत. पण नकार विद्यापीठाने द्यावा. आपणच घरात आधी देऊन टाकू नये.

आपल्या माणसांनी हे करून दाखविले आहे. अभय अष्टेकर 1949 साली खानदेशातल्या शिरपूरला जन्मले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि 1974 साली शिकागोला पीएच.डी. झाले. गुरुत्वाकर्षणावरील त्यांच्या कामाला पुढे जगभर मान मिळाला. आणि बाईचे उदाहरण हवे असेल तर कमला सोहोनी. 1933 साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी सोसून शिकल्या आणि 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. त्यांचा विषय जीवरसायन होता, पण बंद दारापुढे कसे उभे राहावे हे कोणत्याही विषयाच्या मुलीने त्यांच्याकडून शिकावे.

लग्नाचे काय, असे जाऊबाईंनी मला विचारले. मी म्हटले, तिच्या लग्नासाठी सोने साठवताना आपल्याला पंधरा वर्षे लांब वाटली नाहीत. मग तिच्या शिक्षणाची पाच-सहा वर्षेच का लांब वाटावीत?

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपली भिशी चालतेच. तिच्यातून दर वर्षी थोडी रक्कम बाजूला काढावी आणि वस्तीतल्या गरजू मुलीला अर्जाच्या फीपुरती बिनव्याजी उचल द्यावी. कमावती झाली की तिने ती परत करावी, म्हणजे पुढच्या मुलीची सोय होईल. अध्यक्षबाईंनी ही सूचना पुढच्या बैठकीत घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.